जपानची ‘समुद्रमाता’ मँचेस्टरची!

सुशीभोवती गुंडाळलेला तो काळपट हिरवा पापुद्रा पाहिलाय ना? ती नोरी. पॉर्फायरा गटातल्या समुद्री शेवाळापासून बनते. आज ती जगभर मिळते, यात मोठा वाटा आहे कॅथलीन ड्र्यू-बेकर यांचा. सीताबर्डीत बसून समुद्रावर कसला रिसर्च करणार, असं वाटत असेल, तर हे वाचाच. त्यांचं मँचेस्टरही समुद्रकाठी नाही.

जन्म 1901 चा, इंग्लंडमधल्या ली (Leigh) गावचा. 1922 मध्ये मँचेस्टर विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात फर्स्ट क्लास मिळवला आणि तिथेच शिकवायला लागल्या. 1928 मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली. कारण? विवाहित बाईला नोकरीत ठेवायचं नाही, हा तेव्हाचा नियम! पुढे त्यांनी त्याच विद्यापीठात बिनपगारी संशोधक म्हणून काम चालू ठेवलं. घरी दोन मुलं होती, ती वेगळीच.

तिकडे जपानी शेतकऱ्यांची पंचाईत वेगळी. नोरी हिवाळ्यात उगवायची, उन्हाळ्यात गायब व्हायची. तिचं बी येतं कुठून, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. समुद्रात जाळी लावायची आणि नशिबावर हवाला ठेवायचा. 1948 नंतर तर पीक पार बसलं.

कॅथलीन लॅबमध्ये ब्रिटिश पॉर्फायराचे बीजाणू वाढवत होत्या. ते शिंपल्यांत शिरले आणि तिथे गुलाबी धागे पसरले. या धाग्यांना शास्त्रज्ञ कॉन्कोसेलिस नावाचं वेगळंच शेवाळ समजत होते. प्रत्यक्षात ती पॉर्फायराचीच एक अवस्था निघाली! 1949 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा छोटासा लेख आला. तो सोकिची सेगावा यांच्यापर्यंत पोहोचला. मग कुमामोतोत फुसाओ ओता यांनी टाक्यांमध्ये शिंपल्यांवर बी तयार करून ते जाळ्यांवर चढवायची पद्धत बसवली. नशिबाच्या भरवशावरचं पीक खरीखुरी शेती झालं.

1952 मध्ये कॅथलीन ब्रिटिश फायकॉलॉजिकल सोसायटीच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. 1957 मध्ये कॅन्सरने गेल्या. जपानला त्या कधीच गेल्या नाहीत. पण 1963 मध्ये तिथल्या उतो इथे त्यांचं स्मारक उभं राहिलं. दरवर्षी 14 एप्रिलला नोरी पिकवणारे तिथे जमून त्यांची आठवण काढतात.

आणि हो, पॉर्फायराची एक जात पावसाळ्यात आपल्या कोकणच्या खडकांवरही उगवते. बॉटनीवाल्यांनो, पुढच्या सहलीत नीट बघा!