शब्दकोश मिटवून शिकणारा माणूस

सन 1844. अ‍ॅमस्टरडॅममधील एका भाड्याच्या खोलीत बावीस वर्षांचा एक जर्मन कारकून रोज संध्याकाळी मोठमोठ्याने रशियन बोलत असे. समोर एक गरीब ज्यू गृहस्थ बसलेला असे. आठवड्याला चार फ्रँक घेऊन दररोज दोन तास ऐकत बसणे, एवढेच त्याचे काम. रशियनचे एक अक्षरही त्याला कळत नव्हते, आणि त्याची अडचण त्या दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हती. अडचण होती ती शेजाऱ्यांची. हॉलंडमधील घरांच्या लाकडी तक्तपोशीतून आवाज वरखाली सहज पोहोचत असे. तक्रारी झाल्या आणि कारकुनाला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. रशियन मात्र त्याने सोडली नाही.

या कारकुनाचे नाव हाइन्रिश श्लीमन. ट्रॉयचे उत्खनन करणारा म्हणून जग त्याला ओळखते. परंतु हिसारलिकच्या टेकडीवर त्याची कुदळ पडली ती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षानंतर. तोवरच्या आयुष्यात त्याने ज्या एका गोष्टीवर पैसा आणि झोप उधळली, ती गोष्ट म्हणजे परक्या भाषा.

त्याचा जन्म 6 जानेवारी 1822 रोजी उत्तर जर्मनीतील नॉयबुको या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. नऊ वर्षांचा असताना आई वारली, पुढे वडिलांची नोकरीही अडचणीत आली आणि शिक्षण अर्धवट राहिले. चौदाव्या वर्षी तो फ्युर्स्टेनबर्ग येथे एका वाणसामानाच्या दुकानात उमेदवारीला लागला. हेरिंग मासे, लोणी, बटाट्याची दारू विकायची आणि दुकान झाडायचे. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या या कामात पुस्तकाला जागा नव्हती. एके रात्री दारूच्या नशेतील एक गिरणीवाला दुकानात आला आणि त्याने होमरच्या शंभरएक ओळी मूळ ग्रीकमध्ये म्हटल्या. पोराला त्यातील एक शब्दही समजला नाही. तरीही खिशातले नाणे खर्चून, त्याला दारू पाजून, त्याने त्या ओळी पुन्हा म्हणवून घेतल्या. अर्थाआधी नाद कानात शिरला, आणि पुढे प्रत्येक भाषेच्या बाबतीत त्याने हाच क्रम ठेवला.

जड पिंप उचलताना छातीला दुखापत होऊन दुकानातील नोकरी संपली. व्हेनेझुएलाला निघालेले जहाज डिसेंबर 1841 मध्ये हॉलंडच्या किनाऱ्यावर फुटले आणि निष्कांचन अवस्थेत तो अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचला. तेथे एका पेढीत हुंड्यांवर शिक्के मारण्याचे आणि टपाल पोहोचवण्याचे काम मिळाले. वर्षाला आठशे फ्रँक पगार. त्यातला निम्मा शिक्षणासाठी. उरलेल्यात थंडीत शेगडी नसलेली खोली आणि न्याहारीला राईच्या पिठाची पेज.

याच खोलीत त्याने इंग्रजी शिकण्याची स्वतःची पद्धत बसवली. पुष्कळ वाचायचे, पण मोठ्याने. भाषांतर मुळीच करायचे नाही. रोज एक तास ठरलेला. आपल्याला ज्यात खरोखर रस आहे अशा विषयावर त्या भाषेत मजकूर लिहायचा, शिक्षकाकडून तपासून घ्यायचा, सुधारलेला मजकूर तोंडपाठ करायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचा. उच्चार सुधारावेत म्हणून तो रविवारी दोनदा इंग्रज चर्चमध्ये जाई आणि प्रवचनातला शब्द न् शब्द पुटपुटत राही. टपाल घेऊन जाताना, पावसातसुद्धा, हातात पुस्तक असे. गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफिल्ड’ आणि स्कॉटची ‘आयव्हनहो’ या दोन कादंबऱ्या त्याने संपूर्ण पाठ केल्या. इंग्रजीला सहा महिने लागले आणि फ्रेंचलाही सहा. डच, स्पॅनिश, इटालियन आणि पोर्तुगीज यांना प्रत्येकी सहा आठवडे पुरले, असा त्याचा हिशेब.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांच्या घरातील दोन-तीन पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाचकाला हा प्रकार उफराटा वाटेल. आपल्याकडे एक वाक्य मराठीत, त्याखाली एक इंग्रजीत, हीच शिडी. श्लीमनने ती शिडीच काढून टाकली. अर्थात पूर्णपणे नव्हे, आणि हे त्याचे चाहते सांगत नाहीत. रशियन शिकवणारा कोणी मिळेना, तेव्हा त्याने एक जुने व्याकरण, एक कोश आणि फेनेलॉनच्या ‘टेलेमाक’चा रशियन अनुवाद मिळवला. मूळ फ्रेंच ग्रंथ त्याला पाठ होता. म्हणजे अनुवाद हाताशी होताच. फरक एवढाच की तो स्वतः भाषांतर करीत बसला नाही. माहीत असलेली गोष्ट तो नव्या भाषेत ऐकत आणि बोलत राहिला, आणि शब्दांचे अर्थ कथेच्या ओघात आपोआप उलगडत गेले. तो ज्यू श्रोता यासाठीच हवा होता. भिंतीपुढे बोलताना माणूस अडखळला की थांबतो, कोणी समोर असले की वाक्य पुरे करतो.

सहा आठवड्यांत त्याने पहिले रशियन पत्र लिहिले, ते लंडनमधील एका रशियन नीळ व्यापाऱ्याच्या प्रतिनिधीला. नीळ हा तेव्हा मोठ्या उलाढालीचा माल होता आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावांना रशियन व्यापारी येत. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारा कारकून पेढीला सोन्याच्या मोलाचा वाटला. जानेवारी 1846 मध्ये श्रोडर पेढीने त्याला सेंट पीटर्सबर्गला पाठवले. पुढे निळीच्या व्यापारात, कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खरेदीविक्रीत आणि क्रिमियाच्या युद्धकाळात त्याने अमाप संपत्ती मिळवली.

ग्रीक त्याने 1856 पर्यंत मुद्दाम दूर ठेवली होती. एकदा होमरच्या नादी लागलो की व्यापार बुडेल, ही भीती. अखेर सुरुवात केली तीही प्राचीन ग्रीकपासून नव्हे, तर अथेन्सच्या रस्त्यावर बोलल्या जाणाऱ्या ग्रीकपासून. ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या फ्रेंच कादंबरीचा आधुनिक ग्रीक अनुवाद त्याने मुळाशी ताडून दोनदा वाचला. त्यानंतर प्राचीन ग्रंथ. जर्मन शाळांतून वर्षानुवर्षे नियम घोकूनही ग्रीकमध्ये साधे पत्र लिहिता येत नाही, यावर त्याचा राग होता. नियम सांगता येत नसला तरी चूक आपल्याला कळते, कारण तसे वाक्य मूळ ग्रंथात कोठे आले ते आठवते, असे त्याचे म्हणणे.

यातले किती खरे मानावे? बहुतेक सारे तपशील त्याने स्वतःच 1880 च्या सुमारास ‘इलिओस’ या ग्रंथाच्या आरंभी लिहिलेल्या आत्मकथनातून आलेले आहेत, आणि श्लीमन हा विश्वासू साक्षीदार नव्हे. 1970 नंतरच्या संशोधकांनी त्याच्या डायऱ्या तपासून अनेक प्रसंग रचलेले असल्याचे दाखवले. सहा आठवड्यांचा आकडाही तसाच फुगवलेला असू शकतो. पण ज्या देशात असेल त्या देशाच्या भाषेत त्याने लिहिलेल्या डायऱ्या आणि अनेक भाषांतील त्याची हजारो पत्रे अथेन्सच्या गेनाडियस ग्रंथालयात आहेत. ती कोणी रचलेली नाहीत.

1868 मध्ये तो इथाका बेटावर गेला. तेथे गावकऱ्यांसमोर त्याने ‘ओडिसी’च्या अखेरच्या सर्गातील वृद्ध पिता आणि परतलेला पुत्र यांच्या भेटीचा भाग मोठ्याने वाचला आणि ओळीओळीने त्यांच्या बोलीत सांगितला. माणसे रडली, असे तो नमूद करतो. आयुष्यभर भाषांतर टाळणारा हा गृहस्थ त्या दिवशी दुभाष्या झाला. पुढच्या वर्षी सोफिया या अथेन्सच्या तरुणीशी त्याचा विवाह झाला. मुलांची नावे आंद्रोमाखी आणि अगामेम्नॉन. अथेन्समधील घरात नोकरांनाही होमरच्या पात्रांची नावे होती.

ट्रॉयच्या बाबतीत मात्र हीच घाई नडली. भाषेत मधले थर ओलांडून थेट गाभ्याशी जाता येते. जमिनीत तसे जाता येत नाही. 1871 ते 1873 या काळात त्याने टेकडीतून जो प्रचंड चर खणला, त्यात वरच्या काळाचे अवशेष कायमचे नष्ट झाले. प्रायमचा म्हणून त्याने मिरवलेला खजिना होमरच्या युद्धाहून हजार वर्षांनी जुना निघाला.

नोव्हेंबर 1890 मध्ये हाले येथे त्याच्या कानांवर शस्त्रक्रिया झाली. पूर्ण बरे वाटण्याआधीच तो अथेन्सकडे निघाला आणि नेपल्समध्ये थांबला. नाताळच्या दिवशी भर रस्त्यात तो कोसळला. शुद्ध होती, पण वाचा गेली होती. जमलेल्या लोकांची इटालियन त्याला उत्तम येत होती. तरी आपण कोण हे त्याला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, त्याचे निधन झाले.