योग्य भागीदाराची निवड : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र





दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हाला भेटायला आला होता. इंजिनियरिंग पूर्ण करून त्याने एका वर्गमित्राबरोबर लहानसा कारखाना काढला होता. पाचवीपासून दोघे एकाच बाकावर बसायचे. दोन वर्षांत कारखाना बंद पडला. बँकेचे कर्ज डोक्यावर राहिले, वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून घेतलेले पैसे गेले आणि सर्वात वाईट म्हणजे आज ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दोघेही हुशार, दोघेही प्रामाणिक. मग चुकले कुठे, असे त्याने आम्हाला विचारले. आम्ही पडलो शिक्षक. धंद्याचा अनुभव नाही. त्यामुळे त्या वेळी त्याचे समाधान करता आले नाही. पण तो गेल्यावर एक चरित्र सारखे आठवत राहिले. या अंकात तेच आपल्यापुढे ठेवत आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आपल्याला परके नाही. आपल्या राजेंद्र नगरला लागून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता इंदूर ओलांडून देवासला जातो आणि त्या देवासमध्ये किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने आवडीने वाचली, तीही याच घराण्यातून निघाली. एवढा मोठा पसारा ज्यांच्यापासून सुरू झाला, त्या लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत. लहानपणी लक्ष्मणरावांना पुस्तकापेक्षा चित्र काढण्याची आणि यंत्रांची ओढ जास्त होती. मुलाने चित्रकला शिकायला मुंबईला जावे, हे वडिलांना पसंत नव्हते. त्या वेळी थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशाची मदत केली आणि 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढच्या भागीदारीचे बी इथेच पडले, असे आम्हाला वाटते.

मुंबईत मात्र एक धक्का बसला. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही, असे लक्षात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला यापेक्षा वाईट बातमी कोणती? पण ते रडत बसले नाहीत आणि हट्टालाही पेटले नाहीत. रंग सोडले, रेषा धरली. यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि त्याच विषयाचे शिक्षक म्हणून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला लागले. तेथील कार्यशाळेत यंत्रे त्यांच्या हाताखालून जाऊ लागली.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रसंगाकडे आपण पुन्हा एकदा बघू या. आपल्याला काय दिसत नाही, हे ज्या माणसाला विशीच्या आत कळले आणि ज्याने ते मान्य केले, त्याला भागीदार निवडण्याचे अर्धे शिक्षण तिथेच मिळाले. भागीदार शोधायला निघण्यापूर्वी स्वतःची उणीव ओळखावी लागते. नाही तर आपण आपल्यासारखाच दुसरा शोधतो, आणि उणीव जिथल्या तिथे राहते.

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत, रामूअण्णा बेळगावात. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. 1888 पासून किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा प्रारंभ मानला जातो, तो हा. कामाची वाटणी पाहा. एकाला यंत्र कळत होते, दुसऱ्याला माणूस कळत होता. दोघेही मुंबईत बसून यंत्रेच बघत राहिले असते, तर सायकल विकली कोणी असती?

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला वरची जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे आले. तिथे लहानशी कार्यशाळा सुरू झाली. सायकलीनंतर त्यांनी जनावरांच्या वैरणीसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर. आज किर्लोस्करांचा नांगर म्हटले की लगेच यश डोळ्यांपुढे येते. परंतु त्या वेळी शेतकऱ्यांचा समज असा होता की लोखंडाने जमीन विषारी होते. नांगर तयार होऊन पडले होते आणि घेणारा कोणी नव्हता. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली.

पालकहो, भागीदारीची खरी परीक्षा अशा काळात होते. नफा वाटताना सगळेच गोड असतात. माल पडून आहे, पैसा अडकला आहे आणि लोक हसत आहेत, अशा वेळी एकमेकांवर खापर फोडायला फार वेळ लागत नाही. यंत्रच वाईट, असे विकणाऱ्याने म्हणावे. तुला विकता येत नाही, असे बनवणाऱ्याने म्हणावे. किर्लोस्कर बंधूंची जोडी या दोन वर्षांत फुटली नाही, म्हणून पुढचा इतिहास घडला.

नंतर आणखी मोठे संकट आले. शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडायला सांगितली. यंत्रे उचलून जायचे कुठे? त्या सुमारास औंध संस्थानात लक्ष्मणरावांकडे एका सभामंडपाचे काम होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांचे काम जवळून पाहिले होते. अडचण कळताच त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. बाळासाहेब कागदोपत्री भागीदार नव्हते. पण भांडवल देणारा माणूसही पारखून घ्यावा लागतो, आणि तोही आपल्याला पारखत असतो. राजांनी लक्ष्मणरावांचे बोलणे ऐकून पैसे दिले नाहीत, हातचे काम पाहून दिले.

जमीन मिळाली ती निवडुंगाने भरलेली, सापांची वस्ती असलेली, पाण्याचे दुर्भिक्ष असलेली. 10 मार्च 1910 रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला. सुमारे 25 कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे आले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि घरातील इतर स्त्रियांनीही त्या माळरानावर संसार मांडले. त्यांचे नाव कोणत्याही करारात नसेल, पण वाटा होता.

आता लक्ष्मणरावांनी सोबतीला घेतलेली माणसे पाहू या. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे. कारखान्याचे काम शंभूराव जांभेकरांकडे. हिशेब आणि पत्रव्यवहार मंगेशराव रेगे यांच्याकडे. के. के. कुलकर्णी हे लहानपणी खोडकर म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या चलाखीचा उपयोग बाहेरची नाना कामे मार्गी लावण्यासाठी झाला. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या बाबतीत त्यांची कल्पनाशक्ती विलक्षण होती. वसाहतीच्या राखणीसाठी तर लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगलेल्या माणसांवर विश्वास टाकला आणि तो विश्वास सार्थ ठरला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही त्यांचा नियम होता. प्रमाणपत्र, जात किंवा मागची चूक यांपेक्षा हा माणूस कोणते काम माझ्यापेक्षा चांगले करील, हे त्यांनी पाहिले. प्राचार्य म्हणून आम्हाला येथे थोडे थांबावेसे वाटते. खोडकर मुलगा आणि शाळा सोडलेला मुलगा यांच्याविषयी आपण शिक्षक फार लवकर निकाल देऊन टाकतो.

पहिल्या महायुद्धात परदेशी कच्चा माल येणे कठीण झाले. लोखंड मिळेना. त्या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. किल्ल्यावरच्या जुन्या तोफा त्यांनी दिल्या आणि त्या वितळवून नांगर तयार झाले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकून आले आणि 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी उभी राहिली. लक्ष्मणरावांचे निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झाले. जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

सगळ्यांच्याच वाट्याला असे सोबती येत नाहीत. लक्ष्मणरावांपेक्षा एका वर्षाने लहान असलेले दादासाहेब फाळके हे भारतीय चित्रपटाचे जनक. 1918 मध्ये त्यांनी भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. थोड्याच काळात खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून मतभेद झाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, पुढे परतही आले. भागीदार वाईट होते, असे आम्ही म्हणणार नाही. एकाला चित्र उत्तम व्हायला हवे होते, दुसऱ्याला ते ठरलेल्या पैशांत आणि वेळेत हवे होते. दोन्ही अपेक्षा रास्तच होत्या. पण त्यांचा मेळ कसा घालायचा, हे आधी ठरले नाही तर वाद अटळ असतो.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. आपल्याकडे 1932 चा भागीदारी कायदा आहे. त्यानुसार वेगळा करार केलेला नसेल, तर नफा आणि तोटा सर्व भागीदारांत समान वाटला जातो, मग कोणी कितीही राबलेला असो. भागीदारी संस्थेच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो. एकाने केलेली देणी दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकतात. म्हणून कोण किती पैसा घालणार, कोणते काम कोणाचे, हिशेब कोण लिहिणार आणि वेगळे व्हायची वेळ आली तर कसे व्हायचे, हे पहिल्याच दिवशी कागदावर आले पाहिजे. मित्राकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. मैत्री टिकावी म्हणूनच लिहायचे.

आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत भागीदाराला साझेदार म्हणतात. साझा म्हणजे सगळ्यांचे मिळून एक. मराठी शब्दात मात्र भाग आहे, वाटा आहे. आम्हाला दोन्ही शब्द हवेसे वाटतात. ध्येय साझे असावे आणि कामाचा भाग ज्याचा त्याला नेमका ठाऊक असावा. रामूअण्णा आणि लक्ष्मणराव यांच्याकडे दोन्ही होते.

त्या माजी विद्यार्थ्याला आम्ही नंतर पुन्हा बोलावले. बोलण्यातून कळले की दोघांनाही यंत्रावरच काम करायचे होते. बाजारात जायला कोणी तयार नव्हते, हिशेब महिनोन्महिने लिहिला गेला नाही आणि कागदावर काहीच नव्हते. कोणी कोणाला फसवले नव्हते. दोघांची उणीव एकच होती, एवढेच. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मित्राला एकदा फोन करून बघतो, असे सांगून गेला. कर्ज फिटायला वेळ लागेल, पण मैत्री तरी वाचावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

शेवटी एक सूचना. मागच्या आनंदमेळ्यात नववीच्या चार जिवलग मित्रांनी पोह्यांचे दुकान लावले होते. गल्ल्यावर बसायला चौघेही तयार, कांदा चिरायला एकही नाही. गिऱ्हाइके शेजारच्या कचोरीकडे वळली. या वर्षी दुकान लावणाऱ्या प्रत्येक गटाने आधी एक पान लिहून वर्गशिक्षकांना द्यावे. त्यात प्रत्येकाने आपल्याला काय जमत नाही हे प्रथम लिहावे, आणि मग गटातले कोण ते करणार हे लिहावे. गट जिवलग मित्रांचाच असावा, असा आग्रह नको. जो कधी आपल्या बाकावर बसला नाही, कदाचित तोच कांदा उत्तम चिरत असेल.