गणितात डॉक्टरेट केलेल्या माणसाने स्पिटफायरच्या इंजिनाचा कोंडलेला श्वास मोकळा केला

साल १९४१. इंग्लिश खाडीवरच्या आकाशात जर्मनीचं फॉके-वुल्फ १९० हे नवं लढाऊ विमान दिसायला लागलं आणि ब्रिटिश वैमानिकांची झोप उडाली. ज्या स्पिटफायरच्या जोरावर आदल्या वर्षी ब्रिटनने आपलं आकाश राखलं, तेच स्पिटफायर आता कमी पडत होतं.

ही कोंडी फोडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते वैमानिक नव्हते आणि शिक्षणाने इंजिनिअरही नव्हते. त्यांचं नाव स्टॅनले हूकर.

हूकर यांचा जन्म १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, शीअरनेस इथे झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ते गणित शिकले. पाणी आणि हवा कशी वाहते, हा त्यांच्या आवडीचा विषय. ऑक्सफर्डमधून १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर काही काळ त्यांनी नौदलाच्या संशोधन खात्यात नोकरी केली आणि जानेवारी १९३८ मध्ये ते डर्बीला रोल्स-रॉइसमध्ये दाखल झाले.

गंमत म्हणजे तिथे सुरुवातीला त्यांना ठरावीक असं कामच नव्हतं. फिरता फिरता ते सुपरचार्जरच्या चाचणी विभागात पोचले आणि तिथेच रमले.

आता सुपरचार्जर म्हणजे काय, तर इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबणारा पंखा. इंजिनाला इंधन जाळायला हवा लागते आणि जितकी हवा जास्त, तितकी ताकद जास्त. पण साधारण १८ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. तिथे सुपरचार्जर नसेल तर इंजिनाला धाप लागते. स्पिटफायरमधल्या २७ लिटरच्या मर्लिन इंजिनाला सुपरचार्जर होता. तरीही वर गेल्यावर त्याची ताकद घटत होती.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो पंखा मोठा करण्याचा किंवा जोरात फिरवण्याचा. हूकर यांनी तसं केलं नाही. त्यांनी चाचण्यांचे आकडे समोर घेतले आणि हवेची वाट पहिल्यापासून तपासली. हवा आत कुठून येते, कुठे वळते, पंख्यातून बाहेर पडताना तिचं काय होतं, आणि दाब नेमका कुठे वाया जातो?

उत्तर आकड्यांतच होतं. हवा पंख्यापर्यंत पोचण्याआधीच एका अडचणीच्या वळणावर तिचा दाब कमी होत होता. पुढे पंखा आणि त्याभोवतीच्या पात्यांमध्येही सुधारणेला बराच वाव होता.

हा तोटा दुहेरी होता. सुपरचार्जर फिरतो इंजिनाच्याच ताकदीवर. त्यातली जी ताकद दाब वाढवायला लागत नाही, तिची उष्णता होते. हवा तापली की विरळ होते, म्हणजे सिलिंडरमध्ये पुन्हा कमीच जाते.

जुन्या सुपरचार्जरवाल्या गाडीचंही हेच आहे. पिकअप गेला की पहिला संशय सुपरचार्जरवर जातो. पण दोष बऱ्याचदा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये, चिरलेल्या होसपाईपमध्ये, घसरणाऱ्या बेल्टमध्ये किंवा उघडा राहिलेल्या बायपास व्हॉल्व्हमध्ये सापडतो. म्हणून चांगला मेकॅनिक महागडा पार्ट बदलण्याआधी हवेच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने दाब मोजत जातो.

हूकर यांनी सुचवलेले बदल मर्लिनच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये आले. मर्लिन ४५ ची ताकद आधीच्या मर्लिन ३ पेक्षा साधारण ३० टक्क्यांनी जास्त होती. इंजिनाचा आकार तोच, २७ लिटर. हे इंजिन स्पिटफायर मार्क ५ मध्ये बसलं.

पण फॉके-वुल्फ १९० पुढे तेही पुरेना.

मग कामाला आलं मर्लिन ६१. यात एकामागे एक असे दोन पंखे होते. पहिला हवा दाबायचा आणि दुसरा तीच हवा आणखी दाबायचा. तापलेली हवा थंड करायला मध्ये इंटरकूलर बसवला होता. खरं तर या घराण्यातलं इंजिन फार उंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बरसाठी तयार होत होतं. रोल्स-रॉइसचे प्रमुख अर्नेस्ट हाईव्ह्ज यांनी ते स्पिटफायरमध्ये बसवण्याची कल्पना मांडली. इंजिन सुमारे ९ इंचांनी लांब झालं, पण बसलं. १९४२ च्या उन्हाळ्यात स्पिटफायर मार्क ९ लढाईत उतरलं आणि फॉके-वुल्फला तोडीस तोड उत्तर मिळालं.

पुढे हूकर जेट इंजिनांकडे वळले. हाईव्ह्ज यांच्याशी बिनसल्यावर त्यांनी रोल्स-रॉइस सोडलं आणि १९४९ मध्ये ते ब्रिस्टल कंपनीत गेले. तिथे त्यांच्या देखरेखीखाली घडलेल्या दोन इंजिनांशी भारताचा थेट संबंध आहे. ऑर्फियस इंजिनावर भारतीय हवाई दलाची नॅट आणि मारुत विमानं उडाली, तर पेगासस इंजिनावर नौदलाची सी हॅरियर. या सी हॅरियरचा तळ गोव्यात आयएनएस हंसावर होता.

१९७० पर्यंत हूकर निवृत्त झाले होते. पण फेब्रुवारी १९७१ मध्ये रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं. आरबी २११ या नव्या जेट इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला होता आणि इंजिन ठरलेली ताकद देत नव्हतं. साठी ओलांडलेल्या हूकर यांना परत बोलावण्यात आलं. त्यांनी आपल्यासारख्याच काही निवृत्त सहकाऱ्यांना सोबत घेतलं आणि इंजिन मार्गी लावलं. १९७२ मध्ये ते लॉकहीड ट्रायस्टार विमानातून प्रवासी सेवेत आलं. १९७४ मध्ये हूकर यांना सर हा किताब मिळाला.

२४ मे १९८४ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे, नॉट मच ऑफ ॲन इंजिनिअर. म्हणजे, फारसा इंजिनिअर नसलेला माणूस. हाईव्ह्ज यांनी एकदा मारलेला टोमणाच त्यांनी पुस्तकाचं नाव म्हणून वापरला.