डॉ. मोहम्मद मोसाद्देक : तेल, वाणी आणि राष्ट्राची पत

विद्यार्थी मित्रहो, लोकांच्या भावनेवर उभे असलेले नेतृत्व जगाच्या बाजारात आणि जगाच्या न्यायासनापुढे कसे तोलले जाते, हे समजून घेण्यासाठी आपण इराणचे पंतप्रधान डॉ. मोहम्मद मोसाद्देक यांचे चरित्र पाहणार आहोत. हे चरित्र वाचताना केवळ गौरवाचा किंवा केवळ दोषाचा सूर धरून चालणार नाही, हे आरंभीच लक्षात घ्या.

मोसाद्देक यांचा जन्म १८८२ मध्ये तेहरान येथील एका उमराव घराण्यात झाला. त्यांची आई काजार राजघराण्यातील होती. स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. १९२५ मध्ये रझा खान यांना शहा करण्याचा प्रस्ताव मजलिस या इराणी संसदेपुढे आला, तेव्हा त्याला उघड विरोध करणाऱ्या मोजक्या सदस्यांत ते होते. पुढे त्यांना कारावास आणि स्थानबद्धताही भोगावी लागली.

त्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी तेल का आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९०१ मध्ये इराणच्या राजाने विल्यम डार्सी यांना तेलशोधाचा परवाना दिला. १९०८ मध्ये तेल लागले आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने संबंधित कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले. आबादान येथे जगातील सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. परंतु इराणला मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कापेक्षा ब्रिटिश तिजोरीत जमा होणारा कर अधिक असे. १९५० च्या अखेरीस शेजारच्या सौदी अरेबियाला निम्म्या नफ्याचा करार मिळाला, तेव्हा इराणमधील असंतोष शिगेला पोहोचला. मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण मंजूर केले आणि पुढच्याच महिन्यात मोसाद्देक पंतप्रधान झाले.

त्यांचे वक्तृत्व विलक्षण होते. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून येत, कधी त्यांना भोवळ येई. अनेकदा ते अंथरुणातूनच राज्यकारभार चालवीत. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्याची थट्टा केली. सामान्य इराणी माणसाला मात्र त्या अश्रूंत आपलेच दुःख दिसे. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेपुढे देशाची बाजू मांडली आणि परतताना कैरोमध्ये त्यांचे प्रचंड स्वागत झाले. जुलै १९५२ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येत नसल्याचा निर्णय दिला. विशेष म्हणजे, ब्रिटिश न्यायाधीशांनीही इराणला अनुकूल मत दिले. एका दुर्बल राष्ट्राची प्रतिष्ठा यापूर्वी क्वचितच एवढी उंचावली असेल.

येथे आपण थोडे थांबून विचार करा. प्रतिष्ठा वाढली, पण तेल विकले गेले का? ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घातला. तेल घेऊन निघालेले रोझ मेरी हे जहाज एडन येथे अडवले गेले. कुवेत आणि सौदी अरेबिया यांनी उत्पादन वाढवल्याने जगाला इराणी तेलाची उणीव भासली नाही. जागतिक बँकेची मध्यस्थीही निष्फळ ठरली. ज्या भाषेने जनता एकवटली, त्याच भाषेने तडजोडीची वाट अरुंद केली. कारण आता कोणतीही माघार फितुरी ठरली असती. तिजोरी रिकामी होत गेली आणि जुने सहकारी दुरावले. ऑगस्ट १९५३ मध्ये मजलिस बरखास्त करण्यासाठी त्यांनी सार्वमत घेतले, तेव्हा अनुकूल आणि प्रतिकूल मतांसाठी वेगवेगळी मतदान-केंद्रे ठेवली. आयुष्यभर घटनात्मक राज्यासाठी झगडलेल्या नेत्याने गुप्त मतदानाचे तत्त्व बाजूला सारावे, ही या चरित्रातील सर्वांत बोचरी विसंगती होय.

तथापि, त्यांचे पतन केवळ स्वतःच्या चुकांमुळे झाले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तचर संस्थांच्या साहाय्याने त्यांचे सरकार उलथवण्यात आले. लष्करी न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. त्यानंतर ५ मार्च १९६७ रोजी मृत्यू येईपर्यंत ते अहमदाबाद या आपल्या गावी नजरकैदेत राहिले. १९५४ च्या नव्या करारात तेलाचे कामकाज परकीय कंपन्यांच्या समूहाकडे गेले; मात्र मालकी कागदोपत्री इराणकडेच राहिली आणि नफ्याचा निम्मा वाटाही त्याला मिळाला.

या चरित्रातून आपल्या ध्यानात येईल की, राष्ट्राची पत दोन ठिकाणी ठरते : लोकांच्या मनात आणि व्यवहाराच्या वहीत. पहिल्या ठिकाणी मोसाद्देक जिंकले, दुसऱ्या ठिकाणी हरले. तो पराभव कितपत टाळता आला असता, याचे उत्तर वरील घटनाक्रमाच्या आधारे आपल्या शब्दांत लिहून पाहा.