माउझर नावाचा माणूस

काकोरी कट, १९२५. क्रांतिकारकांनी रेल्वे थांबवली, सरकारी खजिना लुटला. शाळेत हा धडा वाचताना एक शब्द हमखास भेटतो : माउझर. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते फक्त पिस्तुलाचं नाव वाटतं. खरं तर ते एका माणसाचं आडनाव आहे. पीटर पॉल माउझर. शिक्षण बेताचं, डिग्री नाही, खिशात दमडी नाही. पण त्याने जुन्या बंदुकीत केलेली दुरुस्ती पुढे अर्ध्या जगाने उचलली.

तेरावं पोर

पॉलचा जन्म २७ जून १८३८ चा. गाव ओबर्नडॉर्फ, नेकार नदीच्या काठचं, जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग राज्यातलं. गावात राजाचा बंदुकीचा कारखाना होता, तोही एका जुन्या मठाच्या इमारतीत. पॉलचे वडील तिथेच कारागीर. घरात तेरा मुलं, त्यात हा शेंडेफळ. शाळा संपली आणि पॉलही त्याच कारखान्यात कानस घासायला लागला. चार वर्षांनी मोठा असलेला भाऊ विल्हेल्मही तिथलाच. पॉलचं डोकं यंत्रात चालायचं, विल्हेल्मचं माणसांत. आजच्या भाषेत एक टेक बघणारा, दुसरा मार्केटिंग. स्टार्टअपला अगदी फिट जोडी!

१८५९ मध्ये पॉलला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात जावं लागलं. तिथून परतल्यावर तो त्या काळच्या नावाजलेल्या बंदुकीच्या मागे लागला. ती होती ड्रेझची नीडल गन.

जुन्या बंदुकीतला दोष

या बंदुकीचं काडतूस कागदाचं असायचं. चाप ओढला की एक लांब सुई कागद आणि दारू भेदून आत घुसायची आणि गोळीच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टिकलीवर आपटायची. म्हणजे दारू पेटायची तेव्हा सुई त्या आगीतच! ती जळायची, मोडायची. मागच्या फटीतून गरम वायू थेट सैनिकाच्या तोंडावर यायचा. शिवाय प्रत्येक बाराआधी सुई हाताने वेगळी मागे ओढावी लागायची.

पॉलने अख्खी बंदूक नव्याने रचण्याच्या भानगडीत न पडता आधी एकच गोष्ट सुधारली. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, फिरवला की स्प्रिंग आपोआप ताणली जाईल अशी रचना त्याने केली. एक काम वाचलं. पुढे धातूचं काडतूस आलं, तेव्हा त्याने लांब सुईऐवजी आखूड पिन बसवली आणि वायूची गळतीही आटोक्यात आली.

ऐकायला सोपं वाटतं, पण विकायला गेल्यावर प्रशिया, ऑस्ट्रिया, कुणीच घेईना. शेवटी रेमिंग्टन कंपनीचा अमेरिकन एजंट सॅम्युअल नॉरिस भेटला. १८६७ मध्ये दोघे भाऊ बेल्जियममधल्या लीएजला गेले. १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंट निघालं, त्यावर नॉरिसचंही नाव. पण करार फिसकटला, ठरलेले पैसे थांबले आणि पॉल रिकाम्या हाताने गावी परतला. विल्हेल्म मात्र प्रशियाच्या लष्कराच्या मागे हात धुऊन लागला होता. अखेर १८७१ मध्ये त्यांची एकबारी रायफल प्रशियाने स्वीकारली.

गंमत बघा, आपल्याच रायफलचं सुरुवातीचं काम त्यांना मिळालं ते तिच्या नेम धरायच्या साइट्स बनवण्याचं! पण १८७४ मध्ये भावांनी, वडील जिथे राबले होते तोच राजाचा कारखाना विकत घेतला.

एकटा पडल्यावर

१८८२ मध्ये विल्हेल्म गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. मग १८८८ मध्ये जर्मन लष्कराने नव्या रायफलसाठी स्वतःची कमिटी नेमून तिचंच मॉडेल घेतलं. पॉलला त्याच्याच देशाने बाजूला सारलं. त्याने बाहेर गिऱ्हाईक शोधलं. तुर्कस्तान, बेल्जियम, स्पेन. प्रत्येक मॉडेलमध्ये आधीची एकेक चूक दुरुस्त होत गेली. १८९३ च्या स्पॅनिश रायफलमध्ये पाच काडतुसं एका दाबात भरता यायची. १८९८ मध्ये क्युबात अमेरिकन सैनिकांनी तिचा मार खाल्ला, आणि नंतर स्वतःच्या नव्या रायफलमध्ये पॉलच्या कल्पना वापरल्याबद्दल अमेरिकी सरकारला त्याच्या कंपनीला २ लाख डॉलर मोजावे लागले.

त्याच वर्षी, १८९८ मध्ये, जर्मनीने पॉलची रायफल पुन्हा स्वीकारली. हेच ते प्रसिद्ध मॉडेल ९८. फुटकं काडतूस आलंच, तर वायू सैनिकाच्या चेहऱ्यापासून दूर वळवण्याची सोय त्यात होती. दुसऱ्यांचे डोळे वाचवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एक डोळा मात्र १९०१ मध्ये स्वयंचलित रायफलच्या चाचणीत गेला. तरीही त्याने काम सोडलं नाही. २९ मे १९१४ रोजी तो वारला. दोन महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं, आणि ऑगस्ट अखेरीस कोलकात्यात रोडा कंपनीची ५० माउझर पिस्तुलं बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवली.

शिक्क्यांवर शिक्के

पॉलची खरी कसोटी त्याच्या मरणानंतर लागली. दोन महायुद्धांत त्याच्या रचनेच्या लक्षावधी रायफली बनल्या. लढाया संपल्यावर त्यांचे ढीग उरले, आणि मग जगभर जुन्या भागांतून ‘नव्या’ रायफली जुळवल्या गेल्या. नॉर्वेने नळ्या बदलून अमेरिकन काडतुसं वापरली. युगोस्लाव्हियाने जर्मन खुणा खरवडून आपलं चिन्ह ठोकलं. अमेरिकेतल्या कारागिरांनी त्यांच्या शिकारीच्या बंदुका केल्या.

आज संग्रहालयात अशी रायफल आली की अभ्यासक आधी तिचे शिक्के वाचतात. बोल्टवरचा नंबर आणि मुख्य सांगाड्यावरचा नंबर जुळतो का? नसेल, तर हे तुकडे वेगवेगळ्या बंदुकांचे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांची नावं लपवायला सांकेतिक अक्षरं वापरत. ‘बीवायएफ’ दिसलं की समजायचं, हा भाग ओबर्नडॉर्फचा. काही रायफलींवर तर नाझी गरुड आहे आणि त्याच लोखंडावर इस्रायलचा सहा टोकांचा तारा. ज्यांना संपवण्यासाठी ती वापरली गेली, त्यांनीच ती आपल्या नव्या देशाच्या रक्षणासाठी उचलली.

पॉलला हे काहीच ठाऊक नव्हतं. सैनिकाला धोका कमी व्हावा म्हणून तो वायूची गळती बुजवत होता. त्याच नळीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिलेल्या लाखोंचं काय, हा प्रश्न त्याच्या ड्रॉइंगवर नव्हता. उद्या तुमच्यापैकी कुणी मशीन बनवेल, कुणी ॲप, कुणी औषध. त्यातला दोष शोधण्याची चिकाटी पॉलकडून जरूर घ्या. पण ते कुणाच्या हातात जाणार आहे, हा प्रश्न मात्र ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा.