गार्सिया द ओर्ता : एक निर्वासित वैद्य आणि त्याचा ग्रंथ

पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चौतीस वर्षे राहून तेथेच देह ठेवणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा मूळच्या स्पॅनिश यहुदी कुळातील होता. इ. स. १४९२ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने यहुद्यांना देशाबाहेर घालविले, तेव्हा त्याच्या मातापित्यांनी पोर्तुगालचा आश्रय घेतला. पाचच वर्षांनी तेथे सक्तीचे धर्मांतर त्यांच्या वाट्यास आले. अशा नवख्रिस्ती कुटुंबात, सरहद्दीजवळील कास्तेलू द व्हीद या गावी, १५०१ च्या सुमारास गार्सियाचा जन्म झाला. सालामांका व आल्काला येथे वैद्यकाचे अध्ययन करून तो परतला आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाला.

मार्च १५३४ मध्ये मार्तिं आफोंसू द सौझा याच्या आरमाराबरोबर त्याने स्वदेश सोडला, तो कायमचाच. त्यानंतर दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. गोव्यात त्याच्या वैद्यकीची कीर्ती पसरली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने त्याला उपचारांसाठी बोलाविले आणि उभयतांत स्नेह जडला. तेथील हकिमांशी त्याची चर्चा होई. पुढे मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले.

या दीर्घ अनुभवाचे फळ म्हणजे भारतातील औषधी द्रव्यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये आले आणि १५६३ मध्ये हा ग्रंथ तेथे छापला गेला. त्याने लॅटिन सोडून पोर्तुगीज भाषेत लिहिले. ग्रंथात युरोपातून नुकताच आलेला रुआनू नावाचा कल्पित वैद्य प्राचीनांचे आधार पुढे करतो, तर ओर्ता स्वतः पाहिलेले व तपासलेले सांगतो. रुआनूच्या ठायी ओर्ताने जणू आपलेच तारुण्यातील पुस्तकी पांडित्य उभे केले आहे. आंबा, फणस, नारळ, हिंग, अफू, धोत्रा यांची वर्णने करताना त्याने निरनिराळ्या भाषांतील नावेही नोंदविली. पटकीच्या लक्षणांचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्या रोगाचे त्याने दिलेले एतद्देशीय नाव म्हणजे आपल्या मराठीतील ‘मोडशी’ हा शब्द होय. महाकवी कामोंइश याचे एक स्तुतिकाव्य या ग्रंथाच्या प्रारंभी आहे.

मात्र ज्या संकटापासून तो दूर आला होता, ते त्याच्या मागोमाग आले. १५६० मध्ये गोव्यातही इन्क्विझिशन सुरू झाले. १५६८ मध्ये ओर्ता निवर्तला आणि वर्षभरातच त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. आप्तांच्या जबान्यांतून ओर्तानेही गुप्तपणे पूर्वजांचा धर्म राखल्याचे पुढे आले. अखेर १५८० मध्ये त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या.

तोपर्यंत ग्रंथ दूरवर पोचला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस याने १५६७ मध्येच त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध केला होता आणि त्याच्या द्वारा युरोपातील विद्वानांना या देशातील वनस्पतींचा परिचय घडला. आपला धर्म उघडपणे सांगण्याची मोकळीक ज्याला जन्मभर लाभली नाही, त्याने प्रत्यक्षापुढे ग्रंथप्रामाण्य गौण ठरविण्याचे धैर्य आपल्या शास्त्रात दाखविले. ओर्ताचे थडगे उरले नाही. मात्र पणजीच्या नगरोद्यानास पुढे त्याचे नाव देण्यात आले.