सेक्सवरच्या पुस्तकांनी गाजलेला किन्से आधी वीस वर्षं ओकच्या गाठी गोळा करत होता

बाळघुटीतलं मायफळ आठवतंय? नावात फळ असलं तरी ते फळ नाही. गांधीलमाशीच्या नात्यातली एक इवलीशी माशी ओकच्या झाडात अंडी घालते आणि अळीभोवती झाडच गाठ वाढवतं. ती गाठ म्हणजे मायफळ.

अशाच गाठींच्या नादात अमेरिकेतल्या अल्फ्रेड किन्सेनं उमेदीची जवळपास वीस वर्षं घालवली. हो, तोच किन्से, ज्याच्या लैंगिक वर्तनावरच्या पुस्तकांनी पुढे खळबळ उडवली.

जन्म १८९४ चा, न्यू जर्सीतल्या होबोकेनचा. वडील इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे मुलालाही तिथंच घातलं. दोन वर्षांत त्यानं ते सोडलं आणि जीवशास्त्र धरलं. १९१९ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट, १९२० पासून इंडियाना विद्यापीठात नोकरी.

ही माशी जेमतेम काही मिलिमीटरची, म्हणून ओळख पटवायची सुरुवात गाठीपासून होते. ओक कुठल्या जातीचा? गाठ पानाच्या शिरेवर आहे की डहाळीवर? गुळगुळीत की केसाळ? आत एक कप्पा की अनेक? बारीक भोक दिसलं तर आतलं कुणीतरी उडून गेलंय. पण कोण? गाठीतून निघालेला कीटक तिचा मालक असेलच असं नाही. आयत्या घरात घुसणारे आणि मूळ अळीलाच खाणारेही असतात. त्यात बऱ्याच जातींत एका पिढीत फक्त माद्या, पुढच्या पिढीत नर-मादी दोन्ही. दोन्ही पिढ्यांच्या गाठी इतक्या वेगळ्या की एकाच जातीला दोन नावं दिली गेल्याची उदाहरणं आहेत.

म्हणून थोडक्या नमुन्यांवर किन्सेचा भरवसाच नव्हता. अमेरिका आणि मेक्सिकोतली जंगलं पालथी घालून तो गाठी पोस्टानं घरी पाठवायचा. १९३० मध्ये सिनिप्स या वंशावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ आला.

१९३८ मध्ये विद्यापीठात विवाहावरचा अभ्यासक्रम त्याच्याकडे आला. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची तर माहितीच तुटपुंजी. मग गाठींची पद्धत त्यानं माणसांना लावली: भरपूर नमुने, प्रत्येकाची बारीक नोंद. हजारो मुलाखतींतून १९४८ मध्ये पुरुषांवरचं आणि १९५३ मध्ये स्त्रियांवरचं पुस्तक निघालं. टीका खूप झाली. त्यातली सर्वात रास्त टीका नमुन्यांवरच होती, कारण मुलाखत देणारे सगळ्या समाजाचे प्रतिनिधी नव्हते. झाडावरची गाठ तोडून आणता येते, माणसाला आधी बोलायला तयार व्हावं लागतं.

१९५६ मध्ये वयाच्या ६२ व्या वर्षी किन्से गेला. गाठी आणि माश्यांचा त्याचा लाखो नमुन्यांचा साठा आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीत आहे.